हिरवा झेंडा

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४३ डिग्री, आणि मी ताईला आणि भाच्याला सोडायला सोलापूर स्टेशनवर गेलेलो. त्यांचा डबा नेमका शेवटचा, म्हणजे बॅगा ओढत पार प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथं पत्र्याची सावलीपण संपते. गाडी उभी होती आणि गार्डसाहेब मागं आपल्या दारात बसून जेवत होते. कडक भाकरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, खरं सांगतो.

आता त्यांना गार्ड म्हणत नाहीत. २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. मला हे नाव अजिबात आवडलेलं नाही. मॅनेजर काय, मीपण आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, अकाउंट्सचा. मॅनेजर व्हायचंय म्हणून लहानपणी कुणी रडलंय का?

गार्ड व्हायचंय म्हणून मी रडलेलो. घर रुळांजवळ, विजापूरकडं जाणारी छोट्या लाईनची गाडी गच्चीवरनं दिसायची. गल्लीतल्या सगळ्या पोरांना ड्रायव्हर व्हायचं असायचं, मला मात्र तो शेवटचा डबा. एकटा माणूस, हातदिवा, मागं पळणारे रूळ, कुणाची कटकट नाही. आणि ती काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगानं नाव, उचलताना हमाल वाकायचा. तिच्यात म्हणे फटाके असायचे, पुढं धोका असला की रुळावर लावायचे, म्हणजे मागनं येणाऱ्या ड्रायव्हरला आवाजानं कळतं. नोकरीत फटाके मिळतात म्हटल्यावर अजून काय पाहिजे.

तर दुपारी आई झोपली की पलंगाची गाडी व्हायची. पुढं पोरांची ड्रायव्हरकीवरनं मारामारी, मागं उशीवर मी एकटा, तोंडात गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेली शिट्टी आणि हातात फूटपट्टीला बांधलेला आईच्या ओटीतला खण. शिट्टी मारली, झेंडा दाखवला, गाडी काय हलेना. ताई म्हणाली, "येड्या, लाल दाखवतोयस की बे!" सगळे हसले. मी म्हणालो हिरवाय, ती म्हणाली लाल, शेवटी तिनं मला ओढत अंगणात नेलं आणि तो खण तुळशीच्या पानांशेजारी धरला. बघ म्हणाली. मी बघितलं. दोन्ही सारखेच होते.

बी.कॉम. झाल्यावर मालगाडीच्या गार्डचा फॉर्म भरला, लेखी निघाली, मेडिकलला डॉक्टरनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१७ साली काढलेलं, ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. पहिल्या पानावर १२ दिसला, मी खुशीत. तो १२ सगळ्यांनाच दिसतो हे नंतर कळलं. पुढच्या पानांवर नुसते ठिपके.

वाईट वाटलं, नाही असं नाही. मग चादरी-टॉवेलच्या गावात जी नोकरी मिळायची ती मिळाली. मालक नवीन शेडचा टॉवेल घेऊन टेबलापाशी येतात, कसा वाटतो विचारतात, मी म्हणतो उठाव आहे. २२ वर्षं हेच चाललंय आणि अजून पकडलो गेलेलो नाही.

ताईला मात्र एक गोष्ट कधी सांगितली नाही. हे लाल-हिरवं न कळणं आईकडनं मुलाला येतं. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसत असतात, तरी येतं. म्हणजे आमच्या आईकडनं मला, आणि ताईकडनं, असलं तर... भाचा ९ वर्षांचा आहे. होटगी रोडला विमानं उतरायला लागल्यापासून पायलट व्हायचं म्हणून डोकं खातोय. आंबा पिकलाय का बघ रे, असं सहज म्हणून एकदा विचारणार होतो. नाही विचारलं.

गार्डसाहेबांनी डबा बंद केला, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, शिट्टी मारली आणि दारात उभं राहून झेंडा हलवायला लागले. उन्हानं पार विटलेलं कापड. मी डोळे बारीक करून बघतोय तोवर खिडकीतनं भाचा ओरडला, "मामा, हिरवा झेंडा!"

एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. येताना एक रसपण प्यायलो.

मग सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, वरचा दिवा गेला, खालचा लागला, मागनं हॉर्न सुरू झाले, आणि डोक्यात आलं की तो ओरडला तेव्हा गाडी हलली होती का?