ओवीतली ती कोणाशी बोलते?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मैदान, स्नेहसंमेलन, छड्या असं पुष्कळ काही सुचतं. ते बाकीचे लिहितीलच. मला मराठीच्या बाईंच्या एका तासाबद्दल लिहायचं आहे.

धड्यात जात्यावरच्या ओव्या होत्या. ‘माहेरची आठवण’ एवढा अर्थ लिहून आम्ही मोकळे. बाईंनी विचारलं, “ही बाई बोलतेय कोणाशी?”

दळण पहाटेचं, घर उठायच्या आधीचं. ऐकायला समोर जातं, म्हणून त्यालाच ‘जात्या ईश्वरा’ म्हणून हाक. दिवसा जे बोलायची सोय नाही, ते या वेळी निघतं. पण एवढ्या एकांतातही नवऱ्याचं नाव येत नाही. ते उखाण्यातच घ्यायचं. ओवीत तो ‘भरतार’ किंवा ‘कंथ’ असतो, नाहीतर नुसता ‘चुडा’. चुड्याला आयुष्य मागितलं की दूर गेलेल्या माणसाला मागितलं. आई आणि भाऊ यांच्याबद्दल मात्र ती हात राखून बोलत नाही. माहेरी न्यायला मुऱ्हाळी, म्हणजे भाऊ, कधी येतो, याची वाट ओवीमागून ओवी चालते. “मग यात प्रेम कुठं आहे?” असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलंही होतं.

मला वाटतं, ते नवऱ्याबद्दलच्या त्या न बोलण्यातच आहे. भावाची वाट पाहिली तर सासूला ऐकू गेलं तरी चालतं. नवऱ्याची पाहिली तर घरात चेष्टा. आमच्या भागात तर बहुतेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईला. तिथं 1854 साली पहिल्या कापडगिरणीचा पाया पडला आणि पुढं 1982 च्या संपापर्यंत कोकणातून, साताऱ्याकडून माणसं जातच राहिली. तो खानावळीत जेवणारा, ती गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळणारी; भेट शिमग्याला, नाहीतर गणपतीत. तिच्या ओवीत आगगाडी येते आणि सगळा राग त्या गाडीवर निघतो. नवऱ्यावर नाही, गरिबीवर नाही. हे मला आजही फार चतुर वाटतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 1129 च्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी! आम्ही मात्र ओवी ज्ञानोबांपासून मोजायचो.

पुढं ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्याचं वाचलं, तेव्हा आमची आजी किती ओव्या बरोबर घेऊन गेली याचा हिशेब मनात सुरू झाला. पिठाची गिरणी गावात आली आणि तिचं दळण सुटलं. दळण नाही तर ओवी नाही, नुसतं बसून ‘म्हण’ म्हटलं की ती हसायची आणि “हाताला खुंटा नाही, आठवंल कसं?” म्हणायची.

सहामाहीला बाईंनी तोच प्रश्न घातला: ‘ओवीतली ती कोणाशी बोलते?’ ‘जात्याशी’ एवढंच लिहिणाऱ्यांना निम्मे गुण मिळाले.