भर पावसात यॉर्क, सासूसासरे आणि दोन पोरांसकट

सासूसासरे भुसावळहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये लीड्सला आलेत, त्यांना जवळचं यॉर्क हे जुनं शहर दाखवायचं हे आधीपासूनच ठरलेलं होतं, पण शनिवार उजाडला आणि वेदर अ‍ॅपवर सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते ढग आणि थेंब. नवरा म्हणे कॅन्सल करू. मी म्हटलं, इथे पाऊस थांबायची वाट बघत बसलो तर ह्यांचा व्हिसा संपेल. तर ज्यांना वयस्कर माणसं आणि लहान मुलं घेऊन पावसात जायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आम्ही कसं जमवलं ते.

गाडी घरीच ठेवली. लीड्सहून ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचवते, आणि फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के, एका कार्डावर ४ मोठे आणि ४ मुलं चालतात, म्हणजे आमची अख्खी वरात त्यात बसली. धाकटी ४ वर्षांची, तिला तिकीटच नाही. छत्र्या मी मुद्दाम घेऊ दिल्या नाहीत. इथे पाऊस आडवा येतो आणि पुलावर गेलं की छत्री उलटी होते, त्यापेक्षा टोपीवाले रेनकोट बरे. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तरी एक फोल्डिंगची पर्समध्ये टाकलीच. आणि मुलांचे जादा मोजे घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं, पोरं डबक्यात उडी मारणार म्हणजे मारणार.

पावसात यॉर्क करायचं तर सुरुवात रेल्वे म्युझियमपासून करायची असं माझं ठाम मत आहे. स्टेशनच्या मागेच आहे, चालत दहाएक मिनिटं, एंट्री फ्री, आत उबदार आणि जागा इतकी मोठी की पोरं पळाली तरी कोणी वळून बघत नाही. शिवाय आमच्याकडे बाबा! बाबा म्हणजे माझे सासरे, भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेले, त्यांना तिथे नेल्यावर बाकी यॉर्क नसतं बघितलं तरी चाललं असतं. निळं मॅलर्ड इंजिन आहे तिथे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल म्हणजे २०० किलोमीटरच्या वर गेलेलं, वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर. लोक समोर उभं राहून फोटो काढत होते आणि बाबा खाली वाकून चाकांच्या मधले रॉड बघत होते. एक म्हातारे व्हॉलंटियर आले, त्यांनी विचारलं कुठून आलात, बाबा म्हणाले इंडियन रेल्वेज, फाइव्ह फीट सिक्स इंचेस गेज, आणि मग काय, दोघं जे सुरू झाले! इथलं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, चार फूट साडेआठ इंच, ते बाबांना लहान वाटतं.

तिथेच चीनसाठी बनवलेलं एक प्रचंड काळं इंजिन आहे, १९३५ चं, इथल्या बोगद्यांत बसणारच नाही इतकं उंच. बनवलं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीने. नाव वाचल्याबरोबर बाबा म्हणाले, अरे, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ना, तिची इंजिनं ह्यांच्याकडूनच आलेली! साहिब, सिंध आणि सुलतान ही नावं मग नातवाकडून पाठच करून घेतली. नातवाला मात्र जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये जास्त इंटरेस्ट, खरा डबा आहे, आत जाऊन सीटवर बसता येतं, तो काही केल्या उठेना. जेवणाचे डबे आम्ही तिथेच खाल्ले, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं. कोणी काही म्हणालं नाही, बाजूचं कुटुंब पण सँडविचचे डबे उघडूनच बसलेलं.

दुपारी लेंडल ब्रिजवरून गावात आलो. खाली उझ नदी गढूळ, चांगली फुगलेली. मग शॅम्बल्सची गल्ली. जुन्या खाटिकांच्या दुकानांची, लाकडी घरं वरच्या मजल्यांना पुढे पुढे येत जवळपास एकमेकांना टेकलेली, काही दुकानांवर मांस टांगायचे लोखंडी हूक अजून आहेत. एरवी शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पावसाने निम्मी गर्दी पळवली हा मोठा फायदा. पण वरची घरं पुढे आलीत म्हणून खाली कोरडं असेल असं समजू नका, पागोळ्या बरोब्बर मानेवर पडतात, टोपी आणि कॉलरच्या मधल्या फटीत. आईंची छत्री इथे उघडली आणि मागच्या माणसाला लागली.

यॉर्विक व्हायकिंग सेंटर, म्हणजे उत्तरेकडून समुद्रमार्गे येऊन इथे वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या काळाचं म्युझियम, त्याचं बुकिंग मी आदल्या रात्रीच केलेलं. हे नक्की करा, कारण पाऊस पडला की अख्खं शहर तिथेच शिरतं, आणि रांग बाहेर उघड्यावर. १९७६ ते ८१ मध्ये कॉपरगेटला खोदकाम झालं तेव्हा हजारेक वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, त्याच जागेवर हे उभं आहे. छोट्या गाडीत बसवून त्या काळच्या गल्ल्यांतून फिरवतात, बाहुले बोलतात, आणि वास पण सोडतात, मासे, धूर, शेण, संडास, सगळं. आईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी तिकीट काढलंस होय गं?" पुढे काचेच्या पेटीत एका व्हायकिंगची शी ठेवलीये, खरीखुरी, दगडासारखी झालेली, २० सेंटिमीटर लांब, १९७२ मध्ये लॉइड्स बँकेच्या जागेखाली सापडलेली. मुलाने हाताने माप घेतलं आणि नंतर दिवसभर दुसरा विषय नाही. तज्ज्ञांनी तपासून त्यात जंतांची अंडी शोधलीयेत, हेही त्याने आजीला समजावलं.

मधे एका कॅफेत चहाला थांबलो, नाव नाही लिहीत, सहा जणांच्या बसायला जागा मागितली तर भिजलेले कोट बघून तोंड वाकडं केलं. पुढच्या गल्लीत बेकरीवाल्या बाईंनी उलट खुर्च्या जोडून दिल्या.

शेवटी मिन्स्टर, म्हणजे इथलं मोठं जुनं चर्च. तिकीट काढून फिरायला वेळही नव्हता आणि आईंच्या गुडघ्यांत ताकदही, म्हणून इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गाण्यांच्या प्रार्थनेला गेलो, त्याला पैसे लागत नाहीत, कोणीही जाऊ शकतं, फक्त फोटो काढायचे नाहीत आणि मधेच हिंडायचं नाही. टॉवरच्या २७५ पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. आत बसलो, मुलांचा कॉयर गायला लागला, एक शब्द कळत नव्हता पण आई आरतीला बसल्यासारख्या मांडीवर हात ठेवून बसल्या, धाकटी त्यांच्या अंगावर झोपली. बाहेर आल्यावर नवऱ्याने सांगितलं की जुलै १९८४ मध्ये इथे आग लागली, बहुतेक वीज पडून, दक्षिणेकडचं छप्पर जळलं, तिथल्या गोल खिडकीच्या काचांना हजारो तडे गेले पण खिडकी खाली आली नाही. झालं, पोरगा स्टेशनपर्यंत आकाशाकडे बघत आला.

शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीवरून चालणं आम्ही सोडलं. दगड ओले, पायऱ्या उंच, काही ठिकाणी कठडाच नाही, बरोबर लहान मूल असेल तर पावसात नकोच. क्लिफर्ड्स टॉवर, म्हणजे जुन्या किल्ल्याचा बुरूज, लांबूनच बघितला.

आणि एक, जायच्या आधी यॉर्क रेसकोर्सचं कॅलेंडर बघून घ्या. घोड्यांची रेस असेल त्या शनिवारी संध्याकाळी परतीच्या ट्रेनमध्ये उभं राहायला मिळालं तरी नशीब. आमच्या दिवशी रेस नव्हती, सगळ्यांना बसायला मिळालं आणि बाबांना खिडकी.