मोशीतला नाताळ: शाळा रिकामी, गाव भरलेलं

टांझानियात स्वयंसेवक शिक्षक म्हणून जाणार असाल आणि मुक्कामात डिसेंबर येत असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवा: डिसेंबरात तिथे शाळा भरत नाही. शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबर संपता संपता, फार तर डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत उरकतं. स्वयंसेवक पाठवणारी प्रत्येक संस्था हे आपणहून सांगेलच असं नाही. म्हणून डिसेंबरात नेमकं कोणाला, कुठे आणि रोज किती तास शिकवायचं, हे निघण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मला किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी शहरात, सातवी झालेल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग मिळाला. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात आणि माध्यमिक शाळा इंग्रजीत. सातवीची परीक्षा सप्टेंबरात होते, माध्यमिकचं पहिलं वर्ष, म्हणजे ‘फॉर्म वन’, जानेवारीत सुरू होतं. मधल्या काळात ज्या पालकांना परवडतं ते मुलांना ‘प्री-फॉर्म वन’ वर्गाला घालतात. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला बसलेल्या मुलाची पहिल्या दिवशी जी गत होते, तीच या मुलांची होते, आणि तीही आठवीच्या वयात. गणित त्यांना येतं. फळ्यावर आकडे मांडले की भराभर सोडवतात; तेच उदाहरण इंग्रजी वाक्यांत घातलं की हात थांबतो. म्हणून मी व्याकरण मागे ठेवलं आणि प्रश्नपत्रिकेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या सूचना घेतल्या. कारण लिहा, फरक सांगा, आकृती काढून नावं द्या. चार दिवस एकच सूचना, पण वेगवेगळ्या विषयांतून. तुम्हीही हेच करा असं मी आग्रहाने सांगेन. गाणी आणि खेळ घेणारे पाहुणे या मुलांना पुष्कळ भेटतात. प्रश्न वाचायचा कसा, हे त्यांच्या शेजारी बसून शिकवणारं माणूस त्यांना हवं असतं.

डिसेंबरच्या मध्यावर हा वर्गही संपला. बरीच मुलं गावी गेली, बरोबरच्या स्वयंसेवकांपैकी कोणी झांझिबार गाठलं, कोणी मायदेश. एकटेपणा २५ तारखेला येईल असं आपण धरून चालतो, पण तो त्याच्या आधीच्या आठवड्यात येतो. वेळापत्रक गेलेलं असतं, सकाळी उठून कुठे जायचं नसतं. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे त्या आठवड्यात करंज्यांची कढई उतरत नाही आणि गाणी म्हणत फिरणारी मंडळी मध्यरात्रीही दार वाजवतात. मोशीत बाहेर गुलमोहर लालभडक फुललेला आणि खोलीत मी एकटी. डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो, हे ठाऊक असूनही मन ते लवकर मान्य करत नाही.

त्यात मोशी रोज थोडं थोडं भरत होतं. किलिमांजारोच्या उतारांवरचे चग्गा लोक नोकरी-धंद्यासाठी देशभर पांगलेले असतात आणि नाताळला गावी परततातच. दार-एस-सलाम या देशातल्या सर्वांत मोठ्या शहराहून सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता, तरी बसमागून बस येत राहते. स्टँडवर गाद्या, पंखे, तांदळाच्या गोण्या आणि नवे कपडे घातलेली पोरं उतरत असतात. सगळ्यांना कोणीतरी न्यायला आलेलं असतं. ते बघत उभं राहणं सोपं नव्हतं.

या आठवड्यासाठी माझा सल्ला एकच आहे: आमंत्रणाची वाट बघू नका, आधीच सांगून ठेवा. घरमालकीणबाई, शाळेतल्या शिक्षिका, चर्चमधले ओळखीचे, सगळ्यांना डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगा की नाताळात मी इथेच आहे, एकटीच आहे. असं सांगण्यात तिथे कमीपणा नाही. परक्या मुलखात सणाला एकटं माणूस ही गोष्ट त्यांना आपल्याइतकीच खटकते, पण तुमचे काही बेत असतील असं समजून ते गप्प राहतात. मी सांगितलं त्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी विचारलंही नाही, थेट ठरवूनच टाकलं की २५ ला मी त्यांच्याबरोबर वर गावी यायचं.

२४ च्या संध्याकाळी मी लुथेरन चर्चमध्ये गेले. मोशीच्या परिसरात लुथेरन आणि कॅथलिक दोन्ही चर्चं मोठी आहेत, कुठेही परक्याचं स्वागत होतं. वेळ मात्र नीट विचारून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात; आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे तीन. उपासना ‘तीन वाजता’ असं कोणी म्हणालं, तर सकाळ की दुपार हे खात्री करून घ्या. उपासना दोन-तीन तास चालते. गायक मंडळं एकामागून एक उठतात, प्रत्येकाचा वेगळा पेहराव. एका गीताची चाल ओळखीची निघाली. शब्द येत नव्हते, म्हणून मी मराठीतच म्हटलं, आणि शेजारच्या आजींनी माझा हात धरून ठेवला.

तिथे एक रीत आहे, तिच्यात जरूर भाग घ्या. ज्यांच्याकडे रोख पैसे नसतात ते अर्पणात अंडी, केळ्यांचा घड, कोंबडी असं देतात आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो. मी केळ्यांवर बोली लावली. मोशीत इतके आठवडे राहून जेवढी माणसं बोलली नव्हती, तेवढी त्या अर्ध्या तासात बोलली. सुट्या नोटा जवळ ठेवा.

२५ ला मारांगूच्या बाजूला चढलो. चग्गा घराभोवती स्वतःची बाग असते, तिला किहांबा म्हणतात. वर केळी, त्यांच्या सावलीत कॉफी, मधून डोंगरावरून आणलेल्या पाण्याचे पाट, आणि तिथेच घराण्यातल्या पूर्वजांच्या कबरी. लोक एवढ्या लांबून का येतात, ते तिथे उभं राहिल्यावर उमगतं. बकरा कापला होता. कुठला वाटा कोणाचा, हे नात्यावरून ठरतं. जेवायला पिलाव, मटण, केळ्यांचा रस्सा. केळी आणि नाचणीपासून केलेली म्बेगे नावाची दारू थोरांमध्ये फिरत होती. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा, कोणी आग्रह धरत नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘सिली न्यामा’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, एवढं आधीच सांगा, आणि कोंबडी-मासे यांचं वेगळं नाव घेऊन सांगा, नाहीतर ते पानात येतील. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, राजमा आणि म्चिचा ही पालेभाजी कुठेही मिळते. जाताना साखर, तांदूळ किंवा तेल न्या. मोठ्यांना भेटल्यावर ‘शिकामू’ म्हणायचं. हे एक अभिवादन नीट केलंत की घर तुमचं होतं.

संध्याकाळी घरच्यांशी बोलायचं ठरवलं असेल, तर भारत अडीच तास पुढे असतो हे विसरू नका. पाहुणचार आटोपून तुम्ही नऊला परताल तेव्हा इकडे साडेअकरा झालेले असतात. मी सकाळीच फोन करायचं ठरवलं होतं आणि ते बरं झालं. दिवस आईच्या आवाजाने सुरू झाला.

एका बाबतीत मला स्पष्ट बोलायचं आहे. एकटेपणा घालवायला नाताळच्या दिवशी भेटवस्तू घेऊन अनाथाश्रमात जाण्याची सूचना बरेच जण करतात. कृपया करू नका. एक दिवस येऊन माया लावायची, फोटो काढायचे आणि कायमचं निघून जायचं, हे त्या मुलांच्या वाट्याला दर हंगामात येतं. ज्यांना तुम्ही महिनाभर शिकवलंत, त्यातली काही मुलं मोशीतच असतात. पालकांना विचारून त्यांच्या घरी जा. मी तशी दोन घरं केली आणि जानेवारीची पुस्तकं त्यांच्याबरोबर चाळली.

आता कोरडी पण गरजेची माहिती. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही, मग काम विनामोबदला असलं तरी. स्वयंसेवकांसाठी निवास परवान्याचा ‘सी’ वर्ग आहे. अर्ज कोण करणार आणि शुल्क कोण भरणार, हे संस्थेशी आधी ठरवा. मोशीत मलेरिया आहे. गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात, कोणत्या ते डॉक्टर सांगतील. मच्छरदाणी रोज लावा आणि परतल्यावर ताप आला तर टांझानियाहून आल्याचं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जून २०१९ पासून बंदी आहे, सामानातून काढून टाका. २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी असते, तेव्हा पैसे २३ पर्यंत काढा. शहरात फिरायला बजाजी, म्हणजे आपली बजाजची रिक्षा, आहेच. भाडं बसण्याआधी ठरवा.

नाताळच्या आसपास दार-एस-सलामहून मोशीला यायचं असेल तर बसचं तिकीट काही आठवडे आधी काढा. रेल्वे डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिचे वार बघून ठेवा. जानेवारीच्या सुरुवातीला सगळी गर्दी उलट दिशेने निघते, त्यामुळे परतीचं विमान दार-एस-सलामहून असेल तर बसच्या प्रवासासाठी एक पूर्ण दिवस आणि वर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. किलिमांजारो विमानतळ मोशी आणि शेजारच्या अरुशा शहराच्या मधोमध आहे. भाड्यातला फरक फार नसेल, तर तिथूनच निघा.