रामनदीची पाहणी : आधी पात्र, मग पाणी

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावणारी रामनदी भूकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी वाट काढत औंधजवळ मुळा नदीला मिळते. तिची लांबी सुमारे १९ किलोमीटर आहे. एवढ्या लहान नदीची स्थिती तपासायची म्हटले की बहुतेक जण पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवतात. पण पाण्याचा नमुना फक्त त्या घटकेचे सांगतो, म्हणून मी आधी पात्र आणि काठ पाहतो.

इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात रुळलेल्या एका पद्धतीत नदीचा ५०० मीटरचा टप्पा घेऊन दर ५० मीटरवर तळ, प्रवाह आणि काठ यांची नोंद करतात. हा सांगाडा आपल्याकडेही उपयोगी पडतो, मात्र आपल्या नद्या ऋतूप्रमाणे इतक्या बदलतात की पावसाळा सरल्यावर एकदा आणि ऐन उन्हाळ्यात पुन्हा एकदा पाहणी केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

रामनदीच्या बाबतीत उन्हाळ्यातला प्रवाहच सर्वांत फसवा आहे. शहरी टप्प्यात मे महिन्यातही पाणी वाहताना दिसते आणि लोकांना नदी जिवंत असल्यासारखे वाटते, परंतु त्यातला मोठा वाटा सांडपाण्याचा असतो.

वरच्या अंगाला खळाळातला एखादा दगड अलगद उलटा करावा. त्याच्या खालच्या बाजूला शेपटीचे तीन बारीक धागे असलेली, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले हलवणारी मेफ्लाय या कीटकाची चपटी पिल्ले चिकटलेली सापडली, तर त्या जागी प्राणवायू पुरेसा आहे आणि दगडांमधल्या फटी गाळाने बुजलेल्या नाहीत, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. याउलट काळ्या, दुर्गंधीयुक्त गाळात फक्त लालभडक अळ्या वळवळत असतील तर प्राणवायू फार कमी आहे असे समजावे. त्या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळेच त्या तिथे तग धरतात. शेकाट्यांचे थवे पाहून हरखून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की हे पक्षी सांडपाण्याच्या उथळ गाळातही भरपूर खाद्य मिळवतात.

काठांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. वाळुंज, करंज, उंबर यांची मुळे जिथे काठ धरून आहेत तिथे सावली, पालापाचोळा आणि माशांना आडोसा मिळतो, पण भराव टाकून किंवा भिंत बांधून काठ सरळ केला की डोह आणि खळाळ यांची आलटून पालटून येणारी रचनाच मोडते, आणि पुढे पाणी कितीही शुद्ध केले तरी जीवांना परतायला जागा उरत नाही.

हे सारे नोंदवल्यावर मग पाणी तपासावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार मत्स्यजीवनासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा. शेवाळ्याने भरलेल्या पाण्यात भर दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो, म्हणून मोजणी सूर्योदयापूर्वी करावी आणि नोंदीत वेळ न चुकता लिहावी.