आमची वाटचाल : साच्यातला घन आणि भिंतीवरचा गिलावा

आम्ही हा छोटा कारखाना सुरू केला तेव्हा काम सरळ वाटत होते. सुकवून चाळलेली वाळू आणि सिमेंट ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे, गोण्या भरायच्या आणि जागेवर नुसते पाणी घालून कालवता येईल असा गिलाव्याचा मसाला गवंड्याच्या हाती द्यायचा. पोलादी साच्यात ओतलेले नमुन्याचे घन, म्हणजे चौरस ठोकळे, २८ दिवसांनी दाबयंत्रावर फोडले की आकडे मनासारखे येत आणि तेवढ्यावर आम्ही निश्चिंत असू.

पहिली मोठी तक्रार भिंतीवरून आली. गिलाव्यावर ठोकले की जागोजागी पोकळ आवाज येई, आणि उचकटून काढलेल्या एका तुकड्याची विटेकडची बाजू बोटाने चोळताच पिठासारखी झडू लागली. त्याच मालाचे घन मात्र पक्के होते. तो तुकडा कितीतरी दिवस माझ्या टेबलावर होता. पोलादी साचा पाणी पीत नाही, पण कोरडी वीट काही मिनिटांत मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सिमेंटची जलक्रिया, म्हणजे पाण्याशी होणारी आणि त्याला कठीण करणारी रासायनिक क्रिया, अर्धवट राहते, ही गोष्ट आम्हाला त्या तुकड्याने शिकवली.

सिमेंट पूर्ण जलक्रियेत आपल्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधून घेते. या क्रियेत तयार होणाऱ्या जेलच्या, म्हणजे सगळे कण बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाच्या, अतिसूक्ष्म छिद्रांत सामावणारे पाणी धरले, तर गरज ४० टक्क्यांच्या आसपास जाते. थापी हलकी चालावी म्हणून त्यावर घातलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे केशिकाछिद्रे, म्हणजे केसासारख्या बारीक पोकळ्या, ठेवते. जेल उपलब्ध जागेचा जेवढा भाग भरते, त्याच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात ताकद येते, हे अमेरिकन सिमेंट-संशोधक टी. सी. पॉवर्स यांचे संशोधन वाचल्यावर आम्ही पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पाणी धरून ठेवण्यासाठी आम्ही सेल्युलोज ईथर, म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजपासून बनवलेली पाणी धरणारी पूड, घेतले. कोरड्या मिश्रणाच्या हजार भागांत एक-दोन भाग एवढ्यानेच मसाला लोण्यासारखा पसरू लागला, गवंडी खूश झाले, आणि त्या आनंदात आम्ही मात्रा वाढवली. ती आमची चूक होती. हे द्रव्य कालवताना हवाही धरून ठेवते, आणि दर एक टक्का जादा हवेमागे ताकद साधारण पाच टक्क्यांनी घटते. शिवाय मसाला घट्ट व्हायलाही वेळ लागू लागला. मात्रा पुन्हा खाली आणली आणि तेव्हापासून ताज्या मसाल्याची घनता (हवा जास्त असली की ती कमी भरते) मोजल्याशिवाय एकही घाणा पुढे जाऊ दिलेला नाही.

टाइल चिकटवण्याच्या मसाल्यात पॉलिमर पावडर (चिकटपणा वाढवणारी प्लास्टिकसारखी पूड) घालू लागलो तेव्हा वेगळाच पेच आला : सिमेंटला ओलावा हवा, तर पॉलिमरची पातळ पापुद्र्यासारखी फिल्म पाणी कमी होत गेल्यावरच जुळते. म्हणून या मालावर सतत पाणी मारू नये, हे आम्ही गोणीवर ठळक छापतो.

सगळ्यात जास्त शिकवले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. एका प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्याच्या छायाचित्रात वाळूच्या कणाला लागून कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या षटकोनी चकत्या रचलेल्या दिसल्या आणि त्यांच्या आजूबाजूला मोकळ्या फटी. कणाभोवतीचा काही दशक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा हा पट्टाच मसाल्याचा कच्चा दुवा असतो. सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभरावा भाग एवढा बारीक सिलिका फ्यूम (सिलिकॉन धातूच्या भट्ट्यांतून मिळणारी अतिबारीक भुकटी) तिथल्या फटी भरतो आणि त्या चकत्यांशी क्रिया करून नवे जेल तयार करतो. मात्र त्याला पाणी जास्त लागते, त्यामुळे सोबत सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही मसाला पातळ ठेवणारे रसायन, घालावेच लागते. फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख, हीही तेच काम करते, पण सावकाश. सातव्या दिवशीचे आकडे पाहून आम्ही ती एकदा बाद केली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रत्येक नवे मिश्रण साच्याबरोबर कोरड्या विटेवरही थापले जाते आणि ओढून त्याची पकड तपासली जाते. फ्लाय ॲशचे वाढीव प्रमाण असलेले नमुने सध्या पाण्यात आहेत. ९० दिवसांचे निकाल हाती येईपर्यंत ते मिश्रण गोणीत भरले जाणार नाही.