इंजिन सुरू करण्याआधी ब्लॉक तपासावा

एप्रिलमध्ये एका मित्रासोबत मी येथे अमेरिकेतल्या मिनेसोटात एक जुनी बोट पाहायला गेलो होतो. बोट १९ फुटांची होती, इंजिन ४.३ लिटरचे आणि सहा सिलिंडरचे होते, आणि ते थंड ठेवण्यासाठी सरोवराचेच पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातून, फिरत असे. अशा इंजिनात न गोठणारे कूलंट कायमचे भरलेले नसते, त्यामुळे थंडीपूर्वी ब्लॉकमधले पाणी काढून टाकावेच लागते. ते काम मालकांनी दुसऱ्याकडून करून घेतले होते आणि त्याचे पैसेही दिले होते, पण नेमके काय केले गेले हे त्यांना सांगता येईना. त्यांनी मोकळेपणाने "सुरू करून पाहा" असे म्हटले, तेव्हा मी मित्राला किल्ली फिरवू दिली नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ब्लॉक बिडाचा असतो आणि बीड दाब उत्तम सोसत असले तरी ताण सोसत नाही. पोलाद थोडे ताणले जाते, बीड सरळ तडकते. असा तडकलेला ब्लॉक चालवला तर तेलात पाणी मिसळून बेअरिंगे जातात, आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नसल्यामुळे त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे जे नुकसान ब्लॉकपुरते असते, ते किल्लीच्या एका वळणाने साऱ्या इंजिनाचे होते.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या असतात. पाणी गोठले तर त्या बाहेर पडून ब्लॉक वाचवतात, असे येथे बरेच जण मानतात. माझे बालपण कोल्हापुरात, फाउंड्र्यांच्या शेजारी गेले, त्यामुळे ती भोके कशासाठी असतात हे मला ठाऊक आहे: ओतकामात आतली पोकळी घडवण्यासाठी ठेवलेला वाळूचा कोअर नंतर त्या भोकांतून काढावा लागतो. चकती कधी कधी बाहेर येते हे खरे, पण ती येण्याआधीच भिंत फुटू शकते. म्हणून सगळ्या चकत्या जागेवर दिसल्या, एवढ्यावरून ब्लॉक शाबूत आहे असे मानता येत नाही.

आम्ही आधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, पाहिली. तेल स्वच्छ होते आणि मित्राचा चेहरा खुलला. परंतु पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते, आणि इंजिन फिरून दोन्ही घुसळले गेल्याशिवाय तेल दुधाळ होत नाही. म्हणून डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने अगदी तळाचे तेल काचेच्या बाटलीत ओढून घेतले. तेही स्वच्छ निघाले, म्हणजे तेलाच्या बाजूला पाणी गेल्याची खूण नव्हती. बाहेरच्या भिंतीविषयी मात्र तेल काहीच सांगत नाही.

त्यानंतर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकांची बुचे, काढली. उजवीकडचे भोक कोरडे होते. डावीकडूनही काही आले नाही, पण तारेने टोकरल्यावर गंजाचा गाळ सुटला आणि मागोमाग पाण्याची धार लागली. कोणीतरी प्लग काढला असेल, पाणी येत नाही असे पाहून पुन्हा बसवला असेल, आणि गाळामागचे पाणी हिवाळाभर तिथेच राहिले.

मग पाण्याच्या सगळ्या नळ्या बुचांनी बंद करून ब्लॉकमध्ये १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने हवा भरली. शाबूत ब्लॉकमध्ये दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. आमचा दहा मिनिटांत ९ वर आला. गळती एखाद्या बुचातूनही असू शकते, म्हणून आधी प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावले आणि नंतर भिंतीला. डाव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडाखाली), जिथे वरून नजर पोहोचत नाही, तिथे फेस धरला. लांब दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिले तर साधारण चार इंच लांबीची आडवी रेघ दिसली, आणि तिच्या कडेने ताजा तांबूस गंज होता.

असा बाहेरचा तडा टाके घालून, म्हणजे धातूच्या पिना एकमेकींत गुंतवून, कधी कधी बंद करता येतो. व्ही आकाराच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखालच्या (हवा आत नेणाऱ्या भागाखालच्या) दरीत गेलेला तडा अधिक वाईट, कारण तिथून पाणी थेट तेलात उतरते आणि मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय तो दिसतही नाही. मित्राने बोट घेतली नाही. मालकांना मी आरशातून ती रेघ दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला त्यांच्यासाठी मनापासून वाईट वाटले.

माझ्या बोटीचे प्लग मी आता ऑक्टोबरात स्वतः काढतो, प्रत्येक भोकात तार घालतो, आणि धार थांबल्यावर पुन्हा एकदा घालतो. गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारे द्रव, त्यानंतरच भरतो, कारण आत पाणी उरलेले असेल तर अँटीफ्रीझ पातळ होऊन निरुपयोगी ठरते.