पारी

शनिवार, रात्री साडेअकरा

"यूट्यूबवर बघून." सकाळी एवढंच बोलले. आता सगळे झोपलेत, तरी ते घशाशी अडकून बसलंय.

आज साखरेच्या फुलांच्या क्लासात गुलाब होता. कळ्या मागच्याच शनिवारी 18 नंबरच्या तारेवर करून ठेवल्या होत्या, क्लासच्या एसीत खडखडीत वाळल्या. आमच्याकडे या पावसात मऊच पडल्या असत्या. आज पाकळ्या. पाव किलो फॉन्डंटला, म्हणजे केकवर लावतात त्या साखरेच्या गोळ्याला, चमचाभर टायलोज (घट्टपणा आणणारी पूड) घालून मळलेली पेस्ट, तीही इतकी पातळ लाटायची की खालच्या कागदावरची अक्षरं दिसली पाहिजेत. कापलेल्या पाकळ्या प्लास्टिकखाली झाकायच्या, नाहीतर दोन मिनिटांत कडक होतात. मी सवयीने ओलं फडकं शोधत होते. मॅडम म्हणाल्या, पाणी नको, साखर आहे ती, विरघळेल.

मग बॉल टूल, टोकाला गोळा असलेली काडी, कडेवरून फिरवायचं, निम्मा गोळा पाकळीवर, निम्मा फोमवर. माझं टूल सारखं आत घसरायचं. दोन पाकळ्या फाटल्या. तिसरीच्या वेळी टूल कधी खाली ठेवलं कळलं नाही, पाकळी डाव्या हातावर घेऊन मी कड दाबायला लागले होते. अंगठा आत, बोटं बाहेर, अंगठा जागच्या जागी आणि पाकळी फिरतेय. कड कागदासारखी झाली, मध्य जाड राहिला, कुठे चीर नाही.

"सुंदर! हे कुठे शिकलात?" मॅडम मागेच उभ्या होत्या. सगळ्या वळून बघायला लागल्या. आणि मी म्हणाले, यूट्यूबवर बघून.

का म्हणाले मी असं?

यूट्यूबवर कसलं. उकडीच्या मोदकाच्या पारीचा हात आहे तो. अठरा गणपती केलाय मी तो, माईंच्या, सासूबाईंच्या, शेजारी पाटावर बसून. कड पातळ, बूड जाड, नाहीतर सारण फुटतं. पारी बिघडली तर माई बोलायच्या नाहीत. माझ्या हातातून घ्यायच्या, मोडायच्या, उकडीत परत मळायच्या आणि गोळा माझ्यापुढे सरकवायच्या. पहिल्या वर्षी मी अकरा वेळा तोच गोळा घेतला होता. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या ऑर्डरींतून साठवलेले पैसे घातलेत या क्लासात. दोन बस बदलून जाते. घरी कुणी एका शब्दाने विचारत नाही, आज काय केलंस. ह्यांनी फी ऐकून जे म्हटलं ते तर लिहायलाही नको. एवढं सगळं करून एक गोष्ट जमली, तर तीही खोट्याच्या नावावर लावून आले.

दुपारभर वाटत होतं की मला लाज वाटली असणार. त्या पांढऱ्या ओट्यापाशी, ते पाकळीवर शिरा उमटवायचे व्हेनर, ते पेटल डस्टचे, रंगाच्या पुडीचे डबे, तिथे मोदकाचं काय सांगायचं? पण ते खरं नाही. शेजारच्या ताई तर म्हणाल्या असत्या, अय्या, मलाही शिकवा.

राग आला होता मला. अठरा वर्षांत माईंनी एकदाही "सुंदर" म्हटलं नाही, आणि जिने म्हटलं तिच्याकडून ते मला एकटीला हवं होतं. माईंबरोबर वाटून नाही. बस, एवढंच होतं ते.

लिहिल्यावर जरा हलकं वाटतंय. त्यांनी म्हटलं नाही, खरं आहे. पण ज्या वर्षापासून त्यांनी मोडायचं थांबवलं, त्या वर्षापासून नैवेद्याच्या ताटातले मोदक माझे असायचे. ते मी कधी धरलंच नव्हतं. आणि गेल्या गणपतीत त्या हातात गोळा धरून नुसत्या बसून होत्या, ते आज नको.

पुढच्या शनिवारी मॅडमना खरं सांगेन.

उरलेली पेस्ट घरी आणली होती. आत्ता लिहायच्या आधी तिचा एक मोदक केला. सतराच कळ्या पडल्या, माई एकवीस पाडायच्या. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलाय, सकाळपर्यंत मऊ राहील. चहाच्या वेळी त्यांच्या हातात देणार आहे. मोडला तर मोडू दे, डब्यात अजून पेस्ट आहे.